युनिक्सचा गोतावळा जमवणारा अबोल रिची

मुक्त संगणकप्रणालींचा इतिहास सांगताना बहुधा दोन नावांपासून सुरुवात केली जाते. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा करणारे रिचर्ड स्टॉलमन आणि १९९१ मध्ये विद्यार्थिदशेत लिनक्सचा गाभा लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स. दोन्ही नावे त्या मानाची आहेतच. परंतु या दोघांनी ज्या वास्तूचा आराखडा समोर ठेवून आपापले बांधकाम केले, ती मूळ वास्तू त्याआधीच उभी होती. तिचे नाव युनिक्स. अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९६९ पासून ती आकाराला आली आणि तिच्या दोन प्रमुख शिल्पकारांपैकी एक होते डेनिस रिची.

युनिक्सचा पहिला साचा रिची यांचे सहकारी केन थॉम्पसन यांचा. मात्र ही प्रणाली एका विशिष्ट यंत्राच्या बंधनातून सुटून जगभर फिरू लागली, याचे श्रेय रिची यांच्या ‘सी’ या भाषेला जाते. रिची यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा कधी खांद्यावर घेतला नाही, चळवळ उभारली नाही की जाहीरनामा लिहिला नाही. तरीही आपली संहिता इतरांना वाचायला देणाऱ्या, इतरांची वाचून सुधारणाऱ्या माणसांचा जो मोठा गोतावळा आज देशोदेशी पसरला आहे, त्याची मुळे त्यांच्या कामापर्यंत जाऊन पोहोचतात.

डेनिस मॅकॲलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅब्जमध्येच शास्त्रज्ञ होते आणि दूरध्वनीच्या जोडणीमागील स्विचिंग सर्किटांवरील एका मान्यवर ग्रंथाचे सहलेखक होते. पुढे हे कुटुंब न्यू जर्सीतील समिट या गावी स्थायिक झाले. डेनिस यांचे शालेय शिक्षण तिथेच पार पडले. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तेथे असताना विद्यापीठाच्या युनिव्हॅक संगणकाविषयीचे एक व्याख्यान त्यांनी ऐकले आणि यंत्रांकडे त्यांचे मन ओढले गेले. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी उपयोजित गणित निवडले. संगणनाची काठिण्यपातळी हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि १९६८ पर्यंत तो लिहूनही झाला. परंतु प्रबंधाची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी अखेरपर्यंत दिली नाही, त्यामुळे पीएच.डी.ची पदवी त्यांना रीतसर मिळालीच नाही. त्यांनीही तिची कधी फिकीर केली नाही.

१९६७ मध्ये रिची वडिलांच्याच संस्थेत, न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. त्या काळी संगणक वापरणे म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हाती सोपवायचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास ताटकळत बसायचे. यावर उपाय म्हणून एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स नावाचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला होता. एकाच यंत्राला अनेक टर्मिनले जोडायची आणि प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेत असल्याचा अनुभव द्यायचा, ही त्यामागची कल्पना. प्रकल्प लांबला, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतले. पूर्वी अशाच एका प्रकल्पात हात पोळल्यामुळे व्यवस्थापन नवा संगणक घेऊन द्यायलाही तयार होईना.

या माघारीने संशोधकांचे नेमके काय गेले, हे रिची यांनी पुढे एका शोधनिबंधात नोंदवून ठेवले आहे. सोयीची प्रणाली गेली, हे दुःख होतेच. पण एकाच यंत्रावर एकत्र काम करताना माणसांमध्ये जी जवळीक निर्माण होते, एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या कामी येते, त्यातून जो बंधुभाव जमतो, तो त्यांना गमवायचा नव्हता. सामायिक यंत्राचे खरे काम लोकांना एकमेकांशी निकट संवाद साधायला लावणे हे आहे, अशी त्यांची धारणा होती. युनिक्सची प्रेरणा त्यांनी तांत्रिक गरजेइतकीच या माणसांच्या गरजेत शोधली, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

सुरुवात मात्र एका खेळापासून झाली. थॉम्पसन यांनी ग्रहगोलांमधून यान चालवण्याचा स्पेस ट्रॅव्हल नावाचा खेळ लिहिला होता. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळायचा तर सुमारे ७५ डॉलरचा यंत्रवेळ खर्ची पडे. प्रयोगशाळेत कोणी फारसे न वापरणारा पीडीपी-७ हा लहान संगणक पडून होता. थॉम्पसन आणि रिची यांनी तो खेळ त्यावर नव्याने लिहिला आणि त्या यंत्राची नस त्यांच्या हाती आली. फायली कशा साठवायच्या याचा आराखडा थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांच्या चर्चेतून ठरला होता. १९६९ च्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांच्या पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी सासरी गेल्या आणि तेवढ्या अवधीत थॉम्पसन यांनी प्रणालीचे मुख्य भाग लिहून काढले. मुद्रकासारखी उपकरणेदेखील साध्या फायलींप्रमाणेच हाताळता यावीत, ही आजही टिकून असलेली युक्ती रिची यांची. मल्टिक्सच्या नावाची थट्टा करणारे युनिक्स हे नाव १९७० मध्ये पडले.

मोठे यंत्र मिळवण्यासाठी मात्र या मंडळींना थोडी चतुराई करावी लागली. संगणकप्रणालीवर संशोधन करायचे आहे, असे सांगून पैसे मिळाले नसते. म्हणून दस्तऐवज तयार करण्याची सोय उभारतो, असा प्रस्ताव मांडून त्यांनी सुमारे ६५ हजार डॉलरचा पीडीपी-११ मागवला. १९७१ मध्ये बेल लॅब्जच्या पेटंट विभागातील टंकलेखक त्यावर पेटंटचे अर्ज टंकू लागले आणि युनिक्सला पहिले गिऱ्हाईक लाभले. या यंत्राची स्मृती होती अवघी २४ किलोबाइट. त्यातली १६ प्रणालीने व्यापलेली, उरलेल्या ८ मध्ये वापरणाऱ्यांचे सगळे काम. आजच्या फोनमधील एखादे साधे छायाचित्रही त्या स्मृतीत मावणार नाही.

युनिक्सची ही पहिली रूपे त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. यंत्र बदलले की सारे लिखाण वाया. थॉम्पसन यांनी इंग्लंडमधील मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेवरून ‘बी’ ही छोटी भाषा बेतली होती, पण नव्या यंत्राला ती पुरी पडेना. बीला प्रत्येक गोष्ट एकसारखी दिसे. अक्षर आणि संख्या यांतला भेद तिला ठाऊक नव्हता. रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिच्यात माहितीचे प्रकार आणले, नवा कंपायलर लिहिला आणि या भाषेला सी म्हणू लागले. १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा या भाषेत लिहिण्याचा थॉम्पसन यांचा प्रयत्न फसला. परस्परसंबंधित माहितीची एकत्र मोट बांधणारी ‘स्ट्रक्चर’ ही सोय भाषेत नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण. रिची यांनी ती सोय आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात गाभा सीमध्ये उतरला. ऑपरेटिंग सिस्टीम उच्च पातळीच्या भाषेत लिहिली तर ती मंद आणि अवजड होईल, अशी त्या काळातली समजूत होती. तिला या कामाने मोठाच धक्का दिला. शिवाय एक सुशिक्षित प्रोग्रामर काही आठवड्यांत संपूर्ण वाचून समजावून घेऊ शकेल, अशी प्रणाली पहिल्यांदाच उपलब्ध झाली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सविषयीचा निबंध एका परिषदेत सादर केला आणि जुलै १९७४ मध्ये तो एसीएम या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यापीठांतून मागणीची पत्रे येऊ लागली. येथे एक कायदेशीर योगायोग उपयोगी पडला. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी हिची दूरध्वनी क्षेत्रात मक्तेदारी होती आणि १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार तिला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात शिरण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स बाजारात विकता येत नव्हती. कंपनीने ती विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ संहितेसकट देऊ केली. अट एवढीच, की दुरुस्ती, मार्गदर्शन, हमी यांपैकी काहीही मिळणार नाही.

ही अट वरदान ठरली. विचारायला कंपनीच नाही म्हटल्यावर वापरणारे एकमेकांना विचारू लागले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांची पहिली बैठक भरली. चुका शोधायच्या, दुरुस्त्या चुंबकीय फितींवर उतरवायच्या आणि टपालाने पाठवायच्या, असा परिपाठ पडला. त्यातूनच पुढे यूझनिक्स ही संघटना निघाली. १९७२ मध्ये युनिक्स जेमतेम १० ठिकाणी चालत होती. १९७४ च्या निबंधात ही संख्या सुमारे ४० वर गेली आणि १९७८ पर्यंत ती ६०० पलीकडे पोहोचली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत थॉम्पसन १९७५-७६ मध्ये अतिथी प्राध्यापक म्हणून गेले. बिल जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर तेथे युनिक्समध्ये घातलेली भर १९७८ पासून बीएसडी या नावाने वाटली जाऊ लागली.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी तर युनिक्सची संहिता ओळीन्‌ओळ छापून तिच्यावर भाष्यच लिहिले. विद्यार्थ्यांनी एखादा ग्रंथ अभ्यासावा तशी प्रणाली अभ्यासावी, हा त्यांचा हेतू. त्याच देशातील वोलोंगाँग विद्यापीठात १९७७ मध्ये युनिक्स इंटरडेटा कंपनीच्या वेगळ्याच यंत्रावर नेण्यात आली. रिची आणि स्टीव्ह जॉन्सन हे त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रावर तोच प्रयोग करत होते. निर्मात्यांच्या मदतीवाचून, हजारो मैलांवर, तेच काम झाले. रिची यांना अपेक्षित असलेला बंधुभाव एका खोलीतून निघून खंड ओलांडून गेला होता. भारतातही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि आयआयटी यांच्यात ई-मेलची जी पहिली देवघेव सुरू झाली, ती युनिक्ससोबत येणाऱ्या यूयूसीपी या प्रोग्रामच्याच आधाराने.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. जेमतेम सव्वादोनशे पानांचे हे पुस्तक के अँड आर या आद्याक्षरांनीच ओळखले जाऊ लागले. कमी शब्दांत नेमके सांगण्याची त्याची शैली संगणकावरील लेखनाचा मानदंड ठरली. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही सी भाषा पहिल्या वर्षापासून ठाण मांडून बसली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने ती देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. त्या पिढीतील कित्येकांना रिची हे नाव पाठ होते, माणूस मात्र अनोळखी राहिला.

१९७९ मध्ये वारे फिरले. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत कंपनीने वर्गात संहिता शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य खुलेपणाने मिळेनासे झाले आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स निघून ते हातोहात फिरू लागले. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन होताच जुने निर्बंध उठले आणि कंपनी युनिक्सच्या व्यापारात उतरली. परवान्यांचे दर चढले. कालपर्यंत गोतावळ्याने सांभाळलेल्या संहितेला कुंपण पडले. स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच पण पूर्णतः मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प केला तो याच काळात. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी वर्गात शिकवता यावी म्हणून १९८७ मध्ये मिनिक्स लिहिली आणि तिच्यावर हात बसवून टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा रचला. १९९२ मध्ये बर्कलीच्या बीएसडीवर खटला गुदरला गेला. दोन वर्षांनी तो मिटला, तेव्हा सुमारे १८ हजार फायलींपैकी अवघ्या तीन काढून टाकाव्या लागल्या. बाकीची प्रणाली मधल्या काळात विद्यापीठाने आणि मदतनिसांनी नव्याने लिहिलेली होती.

या संघर्षात रिची कंपनीचे नोकर होते आणि त्यांनी जाहीर वाद घातला नाही. तथापि जे त्यांच्या हाती होते ते खुले करण्याकडे त्यांचा कल राहिला. सामान्य वापरकर्त्याला ठरावीक कामापुरते वरिष्ठ अधिकार देणाऱ्या ‘सेटयूआयडी’ या त्यांच्या शोधाला १९७९ मध्ये पेटंट मिळाले, ते पुढे सार्वजनिक करण्यात आले. लायन्स यांचे भाष्य अखेर १९९६ मध्ये अधिकृतपणे छापले गेले, त्यामागच्या खटपटीत रिची यांचाही हात होता. आपल्या सी कंपायलरच्या अगदी सुरुवातीच्या प्रती जुन्या फितींवरून शोधून काढून त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवल्या. अनोळखी विद्यार्थ्यांच्या शंकांना ते संक्षिप्त, नेमकी उत्तरे पाठवीत.

सी भाषेवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकणारी ही भाषा स्मृतीची मर्यादा ओलांडली तरी त्याला अडवत नाही. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने याच उणिवेचा फायदा घेतला. तो लिहिणारा तरुण रिची यांच्याच एका सहकाऱ्याचा मुलगा निघाला. ज्या गोतावळ्यात सारे एकमेकांना ओळखत होते, तिथे असा विश्वास चालून गेला. अनोळखी कोट्यवधींच्या जगात तो महाग पडला. लिनक्सच्या गाभ्यातही २०२२ पासून रस्ट या अधिक सुरक्षित भाषेला जागा देण्यात आली आहे.

रिची अविवाहित होते. दुपारी कामावर यायचे आणि रात्री उशिरापर्यंत जागायचे, हा त्यांचा शिरस्ता. दाढीधारी, संकोची आणि मितभाषी असे हे गृहस्थ मिश्कील मात्र पुरेपूर होते. १९९४ मध्ये युनिक्सची यथेच्छ निंदा करणारे पुस्तक निघाले, तेव्हा त्याला प्रस्तावनेच्या उलट, खोचक मजकूर स्वतः रिची यांनी लिहून दिला. थोरपणाचे श्रेय आले की ते थॉम्पसन आणि इतर सहकाऱ्यांकडे सरकवत. १९८३ मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा व्याख्यानासाठी त्यांनी विषय निवडला तो आपल्या शोधाचा नव्हे. असे शोध ज्या वातावरणात लागतात त्या संशोधनसंस्थेचा. १९९९ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते दोघांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक प्रदान झाले. या काळात बेल लॅब्जमध्ये प्लॅन ९ आणि इन्फर्नो या नव्या प्रणालींच्या कामातही रिची सहभागी होते. प्लॅन ९ ची संहिता २००० मध्ये खुली करण्यात आली. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. २०११ चा जपान पुरस्कार घ्यायला टोकियोला जाण्याचा योग भूकंपामुळे आला नाही. त्या मे महिन्यात मरे हिल येथेच तो त्यांना देण्यात आला.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षे. ते एकटेच राहत असत आणि काही वर्षे आजारी होते. त्यांचे जुने सहकारी रॉब पाइक यांनी ही वार्ता जगाला कळवली. नेमक्या त्याच्या आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज निवर्तले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्यांच्या आठवणींनी भरली होती. रिची यांच्या वाट्याला त्या मानाने थोड्याच ओळी आल्या. जॉब्ज यांच्या संगणकांतली आणि फोनमधली प्रणाली बीएसडीच्या वंशातली, म्हणजे पर्यायाने युनिक्सच्याच कुळातली होती, याची आठवण मोजक्यांनाच झाली. पण ज्यांना व्हायला हवी होती त्यांना झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेली फेडोरा लिनक्सची सोळावी आवृत्ती आणि जानेवारी २०१२ मधील फ्रीबीएसडीची नववी आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आल्या. या दोन्ही प्रणाली स्वयंसेवकांच्या परिश्रमांवर चालणाऱ्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी रिची यांना कधी पाहिलेही नव्हते.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. रिची यांनी लिहिलेली एकही ओळ त्यात नसेल, तरी ज्या भाषेत तो गाभा लिहिला गेला ती त्यांची आहे आणि ती संहिता एकमेकांना वाचायला देण्याची रीतही युनिक्सच्या त्या पहिल्या गोतावळ्याची. हार्वर्डच्या ग्रंथालयात कधी न पोहोचलेला त्यांचा प्रबंध त्यांच्या बहिणीने शोधून काढला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तो प्रकाशात आणला. आता तो कोणालाही इंटरनेटवर वाचता येतो.